बोडनचा विनंती थांबा

१

दर वर्षी मे संपता संपता आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर जेवता येत नाही. तिथे नकाशा पसरलेला असतो, नकाशावर रेल्वेचे वेळापत्रक आणि वेळापत्रकावर सफरचंदाची साल. साल विसीची. माझा नवरा चाकूने सफरचंद सोलतो तेव्हा साल एकाच लांब फितीत उतरली पाहिजे. मध्येच तुटली तर तो खरोखर हळहळतो. त्याची हयात कुलपे दुरुस्त करण्यात गेली, तेव्हा हे ओघानेच आले.

माझी हयात वर्तमानपत्रात गेली. धरणवाल्यांशी भांडले, बँकवाल्यांशी भांडले, आणि आता निवृत्त झाल्यावर तिकीटखिडक्या बंद करून यंत्रे बसवणाऱ्यांशी भांडते. हे सांगते आहे ते एवढ्यासाठी, की मी घाबरट बाई नाही आणि ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवायची मला सवय नाही. एक साक्षीदार म्हणजे गप्पा, दोन म्हणजे बातमी. हा माझा नियम.

"या वर्षी तरी वर्षभराचा पास काढू या," मी म्हणाले. "सगळ्या गाड्या, सगळ्या बोटी, कटकट नाही."

"वर्षभराचा पास म्हणजे लग्न," विसी म्हणाला. "वापरा, नाहीतर गळ्यात बांधून फिरा."

"आणि अर्ध्या भाड्याचं कार्ड?"

"तेही लग्नच. अर्धं तू बोलतेस, उरलेलं अर्धंही तूच बोलतेस."

शेवटी ठरले ते नेहमीचेच: गावकचेरीतले दिवसाचे पास. एक पास, एक दिवस, देशात कुठेही जा. त्यावर नाव नसते, ज्याच्या हातात त्याचा. प्रत्येक गावाच्या वाट्याला रोजचे मोजकेच येतात आणि जरा ऊन पडणार असे दिसले की लोक त्यांच्यावर तुटून पडतात. शुक्रवारी वर जायचे, दोन रात्री डोंगरावरच्या कुटीत काढायच्या, रविवारी परत. म्हणजे शुक्रवारचे दोन, रविवारचे दोन.

"उद्या कचेरी उघडताच जाऊन उभी राहा," विसी म्हणाला. "माझा गुडघा रांगेत उभा राहत नाही."

"तुझा गुडघा डोंगर चढतो, आणि रांगेत उभा राहत नाही?"

"स्वाभिमानी आहे तो."

तो झोपायला वर गेला. डाव्या गुडघ्यामुळे तो जिना खेकड्यासारखा तिरका चढतो आणि तिरकाच उतरतो. आधी एक ठक, मग पाय ओढल्याची घसट. ठक, घसट. ठक, घसट. हा आवाज मी इतकी वर्षे ऐकत आले होते, की तो ऐकू येणेच बंद झाले होते.

२

कचेरीच्या खिडकीत गिस्लरबाई बसतात. मी 'सुप्रभात' म्हणायच्या आतच त्यांनी पाकीट पुढे सरकवले.

"तुमचे काढून ठेवलेत, इडाबाई. शुक्रवारचे तीन, रविवारचे दोन."

"दोन आणि दोन."

"तीन आणि दोन. विसींनी सकाळीच फोन केला ना."

"सकाळी? कचेरी आत्ता उघडलीय."

"मी लवकर येते. कुलूप उघडत होते तेव्हाच फोन वाजत होता." गिस्लरबाईंनी चष्मा वर ढकलला. "मीही विचारलं हो, जाताना तीन आणि येताना दोन, हे काय गणित? तर हसले. म्हणाले, घरचंच माणूस आहे."

"कोण घरचं? आमच्या घरात दोनच माणसं आहेत. लेक परदेशी."

"ते मला काय माहीत? आवाज त्यांचाच. मी काय विसींना ओळखत नाही? या कपाटाचं कुलूप त्यांनीच बसवलंय."

मी चिडले. गावकचेरीसुद्धा आता धड ऐकू शकत नाही का, असे मोठ्याने विचारले. गिस्लरबाई म्हणाल्या की माझा लेख आला की त्या आधी तोच वाचतात, पण खिडकीशी लेख वाचून दाखवू नये. तिसरा पास मी काचेखालून परत ढकलला.

"नको असेल तर मला द्या तो," माझ्या मागे रांगेतून कोणीतरी म्हणाले.

आवाज ओळखीचा वाटला. आमच्या गावात सगळेच आवाज ओळखीचे. मी रागात होते. मागे वळून न पाहता बाहेर पडले.

३

"मी फोन केला?" विसीच्या गालावर अजून साबण होता. "मी दाढी करत होतो. दाढी करताना फोन केला तर कान जाईल."

त्याचा फोन मी तपासला. त्यातून कचेरीला फोन गेलेला नव्हता. मग मी कुटीवर फोन लावला. कुटी सांभाळणारी तेरेस आमच्या जुन्या ओळखीची. बाई तोंडाळ, पण सूप फक्कड करते.

"अगं इडा, काळजी करू नकोस, तीन पलंग ठेवलेत," ती आपणहून म्हणाली. "खिडकीजवळचे. विसीने सांगितलं तसे."

"विसीने काय सांगितलं? शब्दन् शब्द सांग."

"आता मला कोर्टात उभी कर! म्हणाला, तीन पलंग ठेव, तिसरा भिंतीकडचा. बाकी काय? आवाज जरा लांबून येत होता, एवढंच. पावसाळी हवा असली की येतो तसा."

दोन साक्षीदार. माझ्याच नियमाने बातमी झाली होती.

"तुझा एखादा वाचक असणार," विसी म्हणाला. "इतक्यांना झोडपलंस. एखाद्याला नक्कल जमत असेल."

हे पटण्यासारखे होते. मी ते घट्ट धरून ठेवले. तरीही त्या रात्री जेवताना म्हणाले, "या वर्षी राहू दे का?"

विसीने माझ्याकडे बघितले. चेष्टा करणारा माणूस गंभीर झाला की जरा वेगळाच दिसतो. "इडा, डॉक्टर म्हणाला पुढच्या वर्षी गुडघ्याची शस्त्रक्रिया. त्यानंतर मी वर येईन की नाही, देवाला माहीत. या वर्षी जाऊ दे."

मी पाठपिशव्या काढल्या.

४

डोंगरातल्या छोट्या गाडीत आमच्या जागा ठरलेल्या. मी गाडीच्या तोंडाकडे बघत बसते, विसी माझ्यासमोर, पाठीकडे तोंड करून. येणारे तुला बघू दे, गेलेले मी बघतो, असे तो म्हणतो. त्याच्या शेजारची जागा रिकामी होती.

तपासनीस आला. तरुण, झोपाळलेला. माझा पास बघितला, म्हणाला, "धन्यवाद." विसीचा बघितला, म्हणाला, "धन्यवाद." मग रिकाम्या जागेकडे जरा वाकला, म्हणाला, "धन्यवाद," आणि पुढे गेला.

"ए!" मी हाक मारली. "तिसरं धन्यवाद कोणाला?"

तो वळला. "काय, बाई?"

"आम्ही दोघं आहोत."

त्याने जागेकडे बघितले, मग माझ्याकडे. कान लाल झाले. "माफ करा. सवयीने म्हटलं असेन."

"बिचाऱ्याला का छळतेस?" विसी म्हणाला. "सभ्यपणाही आता मोजून घ्यायचा का?"

विसी हसला, पण पाठपिशवी त्याने त्या रिकाम्या जागेवर ठेवली नाही. मांडीवरच धरून ठेवली. का, ते मी विचारले नाही. त्यालाही सांगता आले नसते असे वाटते.

बोडन हा विनंती थांबा आहे. आधी डब्यातले बटण दाबले तरच गाडी तिथे थांबते. फलाटावरून चढायचे असेल तर तिथल्या पिवळ्या पेटीचे बटण दाबायचे. वर दिवा लागतो, आणि चालकाला कळते की कोणीतरी वाट बघते आहे. मी बटणाकडे हात नेला, तर त्याच्यावरचा दिवा आधीच लागलेला होता.

"तू दाबलंस?"

"मला वाटलं तू," विसी म्हणाला.

आमच्या डब्यात दुसरे कोणीही नव्हते.

५

जून उजाडताना डोंगर अजून पुरता जागा झालेला नसतो. घळीत जुना बर्फ असतो, त्याच्या कडेने जांभळी घंटाफुले निघतात, आणि कुरणे रिकामी असतात. गुरे अजून खालच्या गोठ्यात असतात. ती वर चढली की रोज सूर्य मावळताना गुराखी तोंडाशी लाकडी नरसाळे धरून, संतांची नावे घेत, चारी दिशांना लांब सुरात हाक देतो. ती हाक पोचते तिथवर रात्रीपुरते सगळे सुखरूप, असे आमच्याकडे मानतात. मी कधी मानले नाही. जुनी, उबदार गोष्ट, एवढेच. पण गुरे चढायच्या आधी तिथे हाक देणारे कोणी नसते, हे मात्र खरे.

कुटीत आमच्याशिवाय पाहुणे नव्हते. तेरेसने टेबलावर चार वाडगे मांडले. आमचे दोन, एक तिचा, आणि एक तिसऱ्याचा.

"मागून येतोय का तुमचा माणूस?"

"आमचा कोणी माणूस नाही," मी म्हणाले. "आम्ही दोघंच आहोत."

"बरं बाई. ओरडू नकोस, सूप फाटेल."

बाहेर उजेड उतरत होता. खिडकीतून समोरची धार अजून गुलाबी दिसत होती. आम्ही पहिला घोट घेतला आणि हाक आली.

तेरेसचा चमचा हवेतच थांबला.

"गुरं चढली?" मी विचारले.

"छे. अजून बराच अवकाश आहे."

"मग कोण?"

हाक पुन्हा आली, घळीच्या बाजूने. सूर तोच, चढउतार तेच, पण त्यात शब्द नव्हते. एकाही संताचे नाव नव्हते. जन्मभर ही हाक फक्त लांबून ऐकलेल्या कोणी तिची नक्कल करावी, तशी ती होती.

"कोणी पोरं असतील," तेरेस म्हणाली. उठून तिने खिडकी लावून घेतली. काचेआडूनही हाक तेवढीच मोठी येत होती.

विसी उठला. "बघून येतो."

"बस गप."

"अगं, तुझा वाचकच असेल. सूप प्यायला बोलावतो." त्याने माझ्या डोक्यावर टपली मारली. पायऱ्यांवर ठक, घसट वाजले. ठक, घसट. मग खडी, मग काही नाही.

हाक थांबली.

मी दारात जाऊन उभी राहिले. विसीला हाका मारल्या. घळीतून माझाच आवाज परत येत होता. तेरेस कंदील घेऊन निघणार, तेवढ्यात खडीवर पावले वाजली. पायऱ्या चढली. एकामागून एक, सारखी, मोकळी. कोणी तरुण वाटाड्या असेल असे मला वाटले.

विसी आत आला.

"कोणी नव्हतं," तो म्हणाला. जागेवर बसला आणि थंड झालेले सूप प्यायला. मग पुढे वाकून त्याने तिसरा वाडगा ओढला, आणि तोही प्यायला.

त्या रात्री माझ्या शेजारचा पलंग मोकळा होता. तो भिंतीकडच्या तिसऱ्या पलंगावर जाऊन झोपला.

६

शनिवारी आम्ही धार ओलांडून पुन्हा कुटीवर आलो. तो बर्फावरून काठी न टेकता उतरला. मी गुडघ्याचे विचारले, तर म्हणाला, "हवा मानवली." दुपारी त्याने सफरचंद काढले आणि सालीसकट, बियांसकट, देठासकट खाल्ले. चाकू खिशातच होता. मी स्वतःला सांगितले की माणूस बदलू शकतो, थंड हवेत सूज उतरते, भूक वाढते. प्रत्येक गोष्टीला कारण होते. सगळी एकत्र घेतली की कारण पुरत नव्हते.

त्या रात्रीही तो त्याच पलंगावर झोपला. रविवारी आम्ही नेहमीप्रमाणे बोडनच्या वरच्या स्थानकावरून खाली जाणारी गाडी धरली. डब्यात तो माझ्या आधी चढला आणि माझ्या जागेवर बसला, गाडीच्या तोंडाकडे बघत.

"ती माझी जागा," मी म्हणाले.

"बस ना समोर," तो गोडीने म्हणाला. विसी माझ्याशी इतक्या गोडीने कधीच बोलत नाही.

म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी पाठीकडे तोंड करून बसले. म्हणून मला दिसले.

बोडन जवळ आले तशी गाडी मंदावली. फलाट खिडकीतून सरकू लागला, आधी पाटी, मग पिवळी पेटी. पेटीवरचा दिवा लागलेला होता. गाडी जवळजवळ थांबली. मग तिने पुन्हा वेग घेतला, आणि मागे सरणाऱ्या फलाटावर मला विसी दिसला.

सगळा भार उजव्या पायावर, डावा गुडघा जरासा वाकलेला. अंगठा बटणावर. कुलपात किल्ली अडली की धरतो तसा, न घाई करता, दाबून धरलेला. चेहऱ्यावर भीती नव्हती. गाडी वेळापत्रकात आहे, दिवा लागला आहे, तेव्हा ती थांबणारच, असा त्याचा भरवसा होता. गाडी पुढे निघाली तेव्हा त्याने फक्त मान वर केली.

मग वळण आले.

मी उठून डब्यातले बटण दाबले, पुन्हा पुन्हा दाबले. समोरून एक हात आला आणि माझ्या हातावर टेकला. हात कोरडा होता, आणि त्याला ऊब नव्हती, गारवाही नव्हता.

"आपलं गाव अजून आलं नाही," तो म्हणाला.

७

पुढच्याच थांब्यावर उतरून मी उलट गाडीने बोडनला गेले. तोही मुकाट्याने बरोबर आला. फलाट रिकामा होता, दिवा विझलेला. तो बाकावर बसून माझी वाट बघत राहिला, मला किती वेळ लागतो ते बघावे तसा. अंधार पडायला लागला तेव्हा मी त्याच्याबरोबर घरी आले. दुसरे काय करणार होते? नवरा हरवला म्हणून पोलिसांत जायचे, आणि नवरा शेजारी उभा?

लेकीने फोनवरच्या चित्रात त्याला बघितले. "बाबा किती तरतरीत दिसताहेत!" ती म्हणाली. "आई, तूच ओढलेली दिसतेस."

रात्री मी खोलीला कडी लावते. जिन्यावर पावले वाजतात. सारखी, मोकळी. ठक आहे, घसट नाही. इतकी वर्षे जो आवाज मला ऐकू येत नव्हता, त्याची वाट बघत मी जागी राहते.

मग मला जे येते ते मी केले. त्या रेल्वेच्या प्रवक्त्याला फोन लावला.

"बोडनचा दिवा? हो, बिघाड आहे," तो म्हणाला. "रोज संध्याकाळी खाली येणाऱ्या गाडीच्या वेळी लागतो. चालक वेग कमी करतात, फलाट रिकामा दिसतो, पुढे जातात."

"थांबून दार उघडलंय का एकदा तरी?"

"रिकाम्या फलाटासाठी?"

"दिवा लागला तर थांबायचं, हा तुमचाच नियम ना? माणूस दिसो न दिसो! विनंती म्हणजे विनंती!"

"बाई, तुमचे लेख मी वाचलेत," तो कंटाळून म्हणाला. "आता चालकांना कळवलंय, तिकडे लक्षच देऊ नका. पुढच्या सोमवारी माणूस जाऊन पेटीच काढून टाकणार आहे. झालं समाधान?"

मी फोन ठेवला. रोज. म्हणजे तो रोज उभा राहतो, रोज बटण दाबतो, आणि रोज मान वर करून गाडी जाताना बघतो. माझा नवरा वर राहिला आहे, आणि त्याच्याकडे फक्त एक दिवा आहे. तोही सोमवारपर्यंत.

हे वेडाचे बोलणे आहे, हे मला कळते. एक साक्षीदार म्हणजे गप्पा. पण तो दिवा चालकांनाही दिसतो. दोन झाले.

डब्यातले बटण प्रवाशाने दाबले तर चालकाला थांबावेच लागते. तेव्हा सगळे मागच्या वेळेसारखेच करायचे: शनिवारी एकटीने वर जायचे, तेरेसकडे राहायचे, रविवारी वरून गाडी धरायची, बोडनला बटण दाबायचे, दार उघडे धरायचे. मला गाडीतूनच तो दिसला होता, गाडीतूनच हात देता येईल.

घरात मी याबद्दल चकार शब्द काढला नाही. नकाशा उघडला नाही. वेळापत्रक जागचे हलवले नाही.

८

सकाळी कचेरी उघडताच मी खिडकीशी गेले.

"शनिवारचा एक," मी म्हणाले. "रविवारचे दोन."

गिस्लरबाईंनी चष्मा वर ढकलला. माझ्याकडे बघून त्या जरा गोंधळल्या. "उलटं सांगताय का, इडाबाई?"

"उलटं म्हणजे?"

"तुमचे काढून ठेवलेत ना." त्यांनी पाकीट पुढे सरकवले. "शनिवारचे दोन, रविवारचा एक. कुलूप उघडत होते तेव्हाच फोन वाजत होता."

मी पाकिटाकडे बघत राहिले.

"रविवारचा आणखी एक द्या."

"आता कुठला? हवा चांगली आहे. सगळे संपले."

मागे रांगेत कोणीतरी उभे होते. या वेळी मी वळून पाहिले.

तो सरळ उभा होता, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन. माझ्याकडे बघून हसला. "म्हटलं, तुला रांगेत एकटीला कशाला," तो म्हणाला. "गुडघा आता काही म्हणत नाही."

"बघा, किती काळजी घेतात," गिस्लरबाई म्हणाल्या.

जायचे नाही असे मी तेव्हा म्हणू शकत होते. पाकीट परत ढकलू शकत होते. पण तिकडे संध्याकाळ झाली की दिवा लागणार होता.

मी पाकीट उघडले. रविवारचा पास काढला, वेगळा केला आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. तो एकच होता. त्यावर कोणाचेही नाव नव्हते.